सहा दर्शने: एकमेकांशी नाते काय, आणि अभ्यासाला कुठून बसावे

षड्दर्शनांचा अभ्यास करायचे ठरवले की प्रश्न येतो निवडीचा. न्यायापासून सुरुवात करावी, सांख्यापासून, की थेट वेदांत उघडावा? आमचे मत आधीच सांगून टाकतो: ‘मला कोणते पटते’ यावर निवड करू नये, ‘कोणते दर्शन कोणाला उत्तर देत आहे’ हे पाहून करावी. ही दर्शने समोरच्याचा आक्षेप डोळ्यांसमोर ठेवूनच वाढली. एकच दर्शन सुटे करून वाचले तर उत्तरे तेवढी हाती लागतात, प्रश्न कळत नाहीत.

एक गोष्ट मनाशी पक्की असावी. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदांत ही यादी काही पहिल्यापासून ठरलेली नव्हती. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींच्या षड्दर्शनसमुच्चयात सहा दर्शने आहेत ती बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय (म्हणजे मीमांसक). त्यात योग नाही आणि वेदांतही नाही. चौदाव्या शतकातला सर्वदर्शनसंग्रह तर चार्वाकापासून सुरू होऊन सोळा दर्शनांचा हिशेब मांडतो. आज रूढ असलेली यादी वेद प्रमाण मानणाऱ्यांपुरती आहे. तिच्या बाहेरचा बौद्ध हा या सहांपैकी बहुतेकांचा मोठा प्रतिपक्षी होता, हे विसरले की अर्धे वाद निष्कारण वाटू लागतात.

तीन जोड्या, पण तीन प्रकारच्या

पाठ्यपुस्तके न्याय-वैशेषिक, सांख्य-योग आणि मीमांसा-वेदांत अशा जोड्या लावतात. जोड्या खऱ्या आहेत, मात्र प्रत्येकीतले नाते वेगळे आहे.

न्याय-वैशेषिक ही जोडी पुढे जवळजवळ एकजीव झाली. वैशेषिकांनी जगात काय काय आहे ते मोजले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि पुढे सातवा अभाव. द्रव्ये नऊ, गुण चोवीस, कर्मे पाच. नैयायिकांनी हे कळते कसे ते पाहिले: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, आणि वादाची शिस्त. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ आहेत. त्यांत वाद, जल्प, वितंडा, छल, जाती (म्हणजे पोकळ आक्षेप), निग्रहस्थान हेही येतात, म्हणजे चर्चा कशी करावी आणि ती कुठे फसते याचाच तो आराखडा आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी तर्कसंग्रह लिहिला तेव्हा चौकट वैशेषिकांच्या सात पदार्थांची ठेवली आणि प्रमाणे न्यायाची चार घेतली. दोन्ही दर्शने एकाच छोट्या पुस्तकात शिकता येतात ती त्यामुळेच.

सांख्य-योगात तत्त्वांचा सांगाडा सामाईक आहे. पुरुष, प्रकृती, बुद्धी, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच तन्मात्रे, पाच महाभूते: एकूण पंचवीस. योग त्यात ईश्वर मिळवतो. पण हा ईश्वर जग निर्माण करणारा नव्हे. क्लेश, कर्म, त्याचे फळ आणि संस्कार यांचा कधीच स्पर्श न झालेला तो एक विशेष पुरुष. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेला त्याची गरजच पडत नाही. दुसरा फरक साधनेचा. सांख्य म्हणते, पुरुष आणि प्रकृती यांतला भेद नीट कळला की सुटका. योग म्हणतो, चित्तातल्या वृत्ती थांबल्याशिवाय ते कळणे टिकत नाही.

मीमांसा-वेदांताची जोडी सर्वांत गैरसमजाची. दोघांचा आधार वेद, दोघांची वाक्यार्थ लावण्याची पद्धत बरीचशी एक, पण निष्कर्ष विरुद्ध. मीमांसासूत्रे रचणाऱ्या जैमिनींच्या मते वेद सांगतो ते करायला. जे वाक्य कोणतीच कृती सांगत नाही ते विधीची, म्हणजे ‘हे करावे’ या आज्ञेची, स्तुती म्हणून विधीला जोडायचे. मग उपनिषदांत ब्रह्माविषयी आलेल्या वाक्यांचे काय? वेदांताला आपल्या मूळ ग्रंथाच्या, ब्रह्मसूत्रांच्या, पहिल्याच पादात, चौथ्या सूत्रात, त्यांचे स्वतंत्र तात्पर्य सिद्ध करावे लागते ते याच कारणाने. वेदांतीही आपसांत एकमत नाहीत. शंकराचार्यांच्या मते ब्रह्मविचाराला विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची इच्छा एवढी तयारी हवी, आधी कर्ममीमांसा, म्हणजे जैमिनींचे शास्त्र, झालीच पाहिजे असे नाही. रामानुजाचार्य दोन्ही मीमांसा मिळून एकच शास्त्र मानतात. पहिली झाल्यावर दुसरी.

ईश्वर कोणाला का लागतो

दर्शनांतले नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते ज्ञानाच्या खरेपणाच्या प्रश्नात. ही साखळी एकदा समजली की पुढचे बरेच आपोआप उलगडते.

नैयायिक म्हणतात, झालेले ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानावरून ठरत नाही, बाहेरून ठरते. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा पाण्याचे ज्ञान खरे ठरले. याला परतःप्रामाण्य म्हणतात. हाच नियम वेदाला लावला तर वेदही स्वतःहून प्रमाण ठरत नाही. सांगणारा विश्वासू असेल तर त्याचे वचन प्रमाण. न्यायसूत्रे इथे आयुर्वेदाचा दाखला देतात: औषधाचा गुण येतो म्हणून सांगणाऱ्यावर भरवसा बसतो, तसाच वेदावर. म्हणजे वेदाला सर्वज्ञ वक्ता हवा. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला एवढी मेहनत का घेतली, ते इथे लक्षात येते.

मीमांसकांची वाट उलटी. ज्ञान झाले की ते खरे धरूनच चालायचे, बाध आला तरच सोडायचे, हे स्वतःप्रामाण्य. वेद कोणी रचलेलाच नाही, त्यामुळे रचणाऱ्याच्या चुका त्यात येण्याचा प्रश्नच नाही. मग वेदासाठी ईश्वर लागत नाही. यज्ञ आज केला आणि फळ फार पुढे मिळाले तर मध्ये दुवा कोणता, या शंकेवरही उत्तर ईश्वर हे नसून ‘अपूर्व’ हे आहे: कर्मातून निघणारी आणि फळापर्यंत टिकणारी शक्ती. वेदावर सर्वाधिक निष्ठा असलेले दर्शन जगाच्या कर्त्यावाचून चालते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. आतले तर्कशास्त्र पाहिले तर ते अपरिहार्य आहे.

वेदांतात ब्रह्म हे जगाचे निमित्त (घडवणारा, जसा कुंभार) आणि उपादान (ज्यातून घडते ते, जशी माती) दोन्ही, असे शंकर आणि रामानुज दोघेही म्हणतात, अर्थ मात्र वेगवेगळा लावतात. मध्वाचार्य उपादान नाकारतात आणि ईश्वर, जीव, जड यांच्यातले पाच भेद कायमचे मानतात.

एकच शिंपला, चार उत्तरे

निवड करण्याआधी एक चाचणी घ्या. उन्हात पडलेला शिंपला चांदीसारखा दिसला. हा शास्त्रकारांचाच आवडता दाखला आहे आणि दर्शने शेजारी-शेजारी ठेवून पाहायला याहून चांगला नमुना नाही.

नैयायिक म्हणतो, समोर ‘हे’ आहे ते खरे, चांदीही खरी. फक्त ती दुसरीकडे पूर्वी पाहिलेली, आणि दोष आहे म्हणून ती इथे जोडली गेली. ही अन्यथाख्याती. प्राभाकर मीमांसक (मीमांसेच्या दोन शाखांपैकी एकीचा; दुसरी भाट्ट) म्हणतो, चूक झालीच नाही. ‘हे’ दिसले, चांदी आठवली, ही दोन ज्ञाने आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. त्यांच्यातला भेद तेवढा लक्षात आला नाही. ही अख्याती. हे विचित्र वाटते, पण ज्ञान खोटे असू शकते असे एकदा मान्य केले तर स्वतःप्रामाण्याला तडा जातो, म्हणून त्याला एवढे ताणावे लागते. अद्वैती म्हणतो, चांदी समोर दिसते म्हणून ती अगदी नाहीच असे म्हणता येत नाही, नंतर तिचा बाध होतो म्हणून आहे असेही म्हणता येत नाही, ती अनिर्वचनीय. त्याला हीच भाषा पुढे साऱ्या जगासाठी वापरायची आहे. रामानुजीयांच्या मते सर्व महाभूते सर्वांत मिसळलेली असल्यामुळे शिंपल्यात चांदीचा अंश खरोखरच असतो; ज्ञान यथार्थ, पण व्यवहारापुरते अपुरे.

यांतले कोणते उत्तर वाचताना तुम्हाला पटकन आक्षेप सुचला ते पाहा. आमच्या मते ज्या उत्तराशी भांडावेसे वाटते त्याच दर्शनापासून सुरुवात केलेली बरी. तिथे वाचकाचे लक्ष टिकते.

कार्यकारणातही हाच खेळ आहे, थोडक्यात सांगायचा तर असा. धाग्यांपासून कापड झाले. न्याय-वैशेषिक: कापड आधी नव्हते, नवीन सुरू झाले. सांख्य: ते धाग्यांत आधीपासूनच होते, फक्त प्रकट झाले. अद्वैत: धाग्यांहून वेगळे कापड असे काही खऱ्या अर्थाने झालेलेच नाही. प्रमाणांची संख्याही याच धोरणाने ठरते: वैशेषिक दोन, सांख्य-योग तीन, न्याय चार, प्राभाकर पाच, भाट्ट मीमांसक सहा, आणि व्यवहारात अद्वैतीही भाट्टांची सहाच घेतात.

मग सुरुवात कुठून

बहुतेकांनी तर्कसंग्रहापासून करावी. त्यात सांगितलेले तत्त्वज्ञान पटावे म्हणून नव्हे. व्याप्ती (‘जिथे धूर तिथे आग’ असा न मोडणारा संबंध), हेतू, लक्षण, उपाधी, अभाव ही भाषा तिथे शिकायला मिळते आणि बाकीचे सगळे त्याच भाषेत भांडतात, म्हणून. पहिली कसोटी पंचावयव वाक्याची: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघर, इथेही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. आता उलटे करून पाहा: ‘आग आहे म्हणून धूर आहे.’ तापलेल्या लोखंडात आग आहे, धूर नाही, नियम मोडला. का मोडला? धूर येतो तो ओल्या सरपणामुळे, नुसत्या आगीमुळे नव्हे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. उपाधी शोधता येऊ लागली की पुढच्या वादग्रंथांत पाय रोवता येतो. ती न शिकता ब्रह्मसूत्रभाष्य उघडणारे तर्कपादात, म्हणजे इतर मतांच्या खंडनाच्या भागात, अडकतात.

त्यानंतर सांख्यकारिका. सत्तरच्या आसपास श्लोक, आणि दर्शन पूर्ण. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रकृती म्हणजे जड वस्तू आणि पुरुष म्हणजे मन असे समजणे. सांख्यात मन, अहंकार, बुद्धीसुद्धा प्रकृतीचीच कार्ये आहेत. विचार करणारे, ठरवणारे, ‘मी’ म्हणणारे सगळे त्या बाजूला. पुरुष नुसता साक्षी, आणि तोही प्रत्येकाचा वेगळा. दुसरी चूक, सांख्य शंकराचार्यांच्या खंडनातून शिकणे. त्यांनी सांख्याला प्रधानमल्ल म्हटले आहे: मुख्य मल्ल चीत झाला की बाकीचेही हरले. हा प्रतिपक्षाचा मोठाच सन्मान आहे, पण खंडनासाठी मांडलेला पूर्वपक्ष हा त्या दर्शनाचा पूर्ण चेहरा नसतो.

योगसूत्रांकडे आसनांसाठी येणाऱ्यांची निराशा होते: 195 किंवा 196 सूत्रांत प्रत्यक्ष आसनावर जेमतेम तीन आहेत. बाकी सारे चित्ताचे आहे. व्यासभाष्यासह आणि सांख्यानंतरच वाचावे.

मीमांसा बहुतेक जण वगळतात, आणि आमच्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे. बारा अध्यायांचा पसारा पाहून घाबरू नये. लौगाक्षी भास्करांचा अर्थसंग्रह पुरेसा आहे. दोन गोष्टी नक्की शिकाव्यात. एक, अधिकरणाची मांडणी: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत, आणि आधीच्या भागाशी संगती. दुसरी, दोन आधार परस्परांविरुद्ध गेले तर कोणता बलवान याचा क्रम: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या, यात आधीचा नंतरच्याला हरवतो. धर्मशास्त्राचे निबंधकार याच नियमांनी स्मृतिवचनांचा मेळ घालत आले. उपनिषदांवरचा वाद नेमका कशावरून पेटला तेही या नियमांशिवाय कळत नाही.

वेदांत शेवटी, पण तोही नुसती सूत्रे वाचून नव्हे. जीव हा ब्रह्माचा अंश आहे असे सांगणाऱ्या सूत्रावर शंकराचार्य म्हणतात, ‘अंशासारखा’, कारण अवयव नसलेल्याला खरा अंश कुठला. रामानुजाचार्य तो अंश खराच धरतात. सूत्र एक, दर्शने दोन. त्यामुळे आधी सदानंदांचा वेदांतसार घ्यावा आणि मग दोन भाष्ये शेजारी ठेवावीत.

सगळी दर्शने शेवटी एकच सांगतात, असे म्हणणारी परंपराही आहे. सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षूंनी सांख्य, योग आणि वेदांत यांचा मेळ घातला. मधुसूदन सरस्वतींनी साऱ्या प्रस्थानांचे, म्हणजे शास्त्रमार्गांचे, अंतिम तात्पर्य अद्वैतात दाखवले. हे समन्वय अभ्यासण्यासारखे आहेत, पण ते स्वतःही एक पक्षच आहेत. सुरुवातीलाच स्वीकारले तर सांख्याने पुरुष अनेक का मानले, हा प्रश्नच विचारायचा राहून जातो. त्यापेक्षा वाचस्पती मिश्रांचा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. नवव्या-दहाव्या शतकातल्या या पंडिताने न्याय, सांख्य, योग, मीमांसा आणि अद्वैत या सर्वांवर लिहिले, आणि ज्या दर्शनावर लिहिले त्याची बाजू आतून, पूर्ण ताकदीने मांडली.

शेवटचा टप्पा म्हणून ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचा दुसरा पाद ठेवा, आणि तोही तुकड्यांनी. सांख्यकारिका झाल्यावर सांख्यावरची पहिली दहा सूत्रे, तर्कसंग्रह झाल्यावर वैशेषिकांवरची 11 ते 17. शांकरभाष्यात 18 ते 32 बौद्धांवर आहेत, पुढे जैन आणि पाशुपत (एक शैव मत). शेवटची चार सूत्रे पांचरात्र या वैष्णव मतावर. शंकराचार्यांच्या हाती ती पांचरात्रमताच्या काही भागाचे खंडन करतात. रामानुजाचार्य पहिली दोन पूर्वपक्ष आणि पुढची दोन सिद्धांत धरून त्याच मताचे समर्थन करतात.