परसातलं ठिबक: खोक्यातला किट की पिशवीतला?

ड्रमवर चालणारा ठिबकचा किट स्वतःच जोडायचा ठरलंय, पण ऑनलाइन मिळणारा खोक्यातला घ्यावा की तालुक्याच्या दुकानातला पिशवीतला, यावर गाडी अडलीय? मी दोन्ही लावून बसलोय. अमळनेरला घरामागे गिलकी, भेंडी आणि मिरचीच्या सऱ्या आहेत, आणि नळाचा भरवसा नाही म्हणून ड्रम.

मालाचं म्हणाल तर खोक्यातला सरस, हे आधीच कबूल करतो. नळी जाड, फिल्टर डिस्कचा, ड्रिपर उघडून धुता येणारे. पिशवीतल्यात साधा जाळीचा फिल्टर आणि नळी जरा हलकी. भावात दोन-तीनशेचा फरक, त्यावर काही ठरवू नका.

माझं ठरलं ते जोडणीच्या कागदावर. खोक्यात तळहाताएवढी घडी निघाली. पाच भाषा, त्यात मराठी नाही, आणि खरी जोडणी म्हणे क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओत बघा. एप्रिलअखेरचे सकाळचे अकरा; आपल्याकडचं त्या वेळचं ऊन काय सांगायचं. स्क्रीनवर माझंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. एका हातात ग्रोमेट (नळीच्या भोकात बसवायचं रबरी कडं), दुसऱ्यात मोबाइल, बोटांना चिखल, आणि व्हिडिओतला माणूस दोन जोड पुढे. मागे न्या, थांबवा, पुन्हा मागे न्या. सहाव्या सरीला मोबाइल इतका तापला की बंदच पडला. उरलेलं अंदाजपंचे जोडलं, नळ्यांची टोकं बंद केली आणि पाणी सोडलं, तर निम्म्या ड्रिपरांतून थेंब नाही. सबमेनला, म्हणजे सऱ्यांच्या नळ्या जिच्यातून निघतात त्या जाड नळीला, भोकं पाडताना निघालेला प्लॅस्टिकचा किस वाहत जाऊन त्यांच्यात बसला होता. टोकं उघडी ठेवून आधी लाईन धुवायची असते. व्हिडिओत ते होतं, पण मला कळलं रात्री कूलरपुढे बसून बघितल्यावर. दुसऱ्या दिवशी 42 ड्रिपर उघडून धुतले.

पुढच्या मे महिन्यात चार सऱ्या वाढवल्या, तेव्हा पिशवीतला आणला. कागद एकच, मराठीत. शुद्धलेखनाचं विचारू नका, 'ग्रोमेट' तीन प्रकारे छापलंय. पण सुट्या भागांच्या पुड्यांवर 1 ते 9 आकडे आणि चित्रातही तेच. शेजारचे नाना ओट्यावर बसून कागद वाचत होते, मी जोडत होतो. "आते पाच नंबरनी पुडी काढ." मी टोक दुमडायला घेतलं तर वरून आवाज: "बंद करू नको, पहिले पानी सोड." नळी गरम पाण्यात बुडवून मऊ करा, असंही एक वाक्य होतं, ते नानांनी वाचलंच नाही. नळी उन्हात पडून आधीच मऊ झालेली.

आणखी एक गोष्ट त्या कागदानेच शिकवली. साधा 4 लिटरचा ड्रिपर ताशी 4 लिटर देतो तो 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाला. दीड मीटर उंचीवरच्या ड्रमचा दाब साधारण 0.15 किलो, म्हणजे हाती येतं जेमतेम दीड लिटर. खोक्यावर नुसतं 'ताशी 4 लिटर' होतं. त्यावर विसंबून मी वर्षभर तासाभरात कॉक बंद करत होतो आणि गिलकी का मान टाकतात म्हणून खताला दोष देत होतो.

आता एवढं खरं की गॅलरीतल्या सावलीतल्या कुंड्यांना लावायचं असेल, किंवा घरात कुणाचा हात ठिबकावर बसलेला असेल, तर खोक्यातला घ्यायला हरकत नाही. माल चांगला आहे, तो दोन उन्हाळे जास्त टिकेलही कदाचित. पिशवीवाल्यांचाही प्रत्येक कागद असा असेलच, असं नाही. दुकानदाराला पिशवी फोडून दाखवायला सांगा, आमच्याकडचा तरी नाही म्हणाला नाही.

येत्या उन्हाळ्यात धरणगावला बहिणीच्या अंगणात लावून द्यायचाय. पिशवीतलाच आणून ठेवलाय, फक्त डिस्कचा फिल्टर वेगळा घेतला.