मिरजेच्या नावाने विकलेला तानपुरा आणि माझे 30,849 रुपये

मुलीच्या गायनाच्या परीक्षेसाठी जाहिरात पाहून मिरजेचा म्हणून तानपुरा घरबसल्या मागवला आणि फसले. हे लिहिताना संताप येतो आणि तितकीच लाजही वाटते. पण गायनातल्या विशारद परीक्षेचे दिवस जवळ आले की आणखी कितीतरी पालक याच जाहिरातीवर विश्वास ठेवतील, म्हणून लिहिणे भाग आहे. मिरज कोल्हापूरपासून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे, त्यामुळे "स्वतः जाऊन का घेतला नाहीत?" हा प्रश्न पोलीस ठाण्यातल्या हवालदारापासून माझ्या चुलत जावेपर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि ओळखीच्या कारागिराने हातातल्या ऑर्डरींमुळे मुलीच्या परीक्षेनंतरची तारीख दिली होती. जाहिरातीत मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा (जीआय टॅगचा) ठळक उल्लेख होता, बिलावर जीएसटी क्रमांक होता आणि व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलेला तानपुरा खरोखर सुरेल होता. एवढे पाहिल्यावर कोणीही पैसे भरले असते.

तरीही एक क्षण असा होता की तो आठवला की आजही झोप उडते. फोनवरच्या माणसाने पत्ता विचारला, पिनकोड विचारला, नक्षी कोणती आणि गवसणी (वाद्याची खोळ) कोणत्या रंगाची हेही विचारले. पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, मात्र विचारली नाही. तानपुरा करणारा माणूस आधी गळा कोणाचा आणि पट्टी कोणती हे विचारतो, कारण तारांची जाडी त्यावर ठरते आणि जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, तीही त्याच पट्टीला काढावी लागते. मी आपणहून "काळी चार" (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर) असे सांगितले, तर तो म्हणाला, "काळा शिल्लक नाही मॅडम, चॉकलेटी आहे." फोन घेणारा मुलगा नवखा असेल, कारागीर आत कामात असतील, असे मी स्वतःला समजावले. यूपीआयवर दुकानाऐवजी कुण्या व्यक्तीचे नाव उमटले, तेव्हाही "मालकांचेच खाते आहे" हे उत्तर पटण्यासारखे होते. तानपुऱ्याचे 26,500 आणि पॅकिंग व वाहतुकीचे 1,850, असे 28,350 रुपये मी पाठवले.

खोके उघडले तेव्हा तारा जिच्यावर टेकतात ती घोडी प्लास्टिकची निघाली, खुंट्या पिळल्या तरी तार ठरत नव्हती आणि भोपळ्याला गळ्याच्या जोडापासून खाली वीतभर चीर होती. ती चीर प्रवासात पडलेली नव्हती, कारण तिच्यात लाख भरलेली होती आणि लाखेवरून पॉलिशचा हात फिरवलेला होता; नखाने खरवडले की लाखेचे तुकडे निघत होते. मी जवळून छायाचित्रे काढून पाठवली. ग्राहक सेवेचे उत्तर आले की नुकसान कुरियरने केले आहे आणि खोके उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसल्यास तक्रार घेता येत नाही. पुढे दुसऱ्या क्रमांकावरून एक बाई अत्यंत गोड बोलल्या आणि माल परत नेण्यासाठी 2,499 रुपये अनामत मागितली, जी परताव्यासोबत मिळणार होती. 28,350 रुपये अडकलेले असताना माणूस 2,499 भरतोच. न्यायला कोणी आले नाही. त्यानंतर परताव्यासाठी म्हणून क्यूआर कोड आला, तो मात्र मुलीने स्कॅन करू दिला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

याहून मोठा मनस्ताप पुढे झाला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर काही दिवसांनी ती बंद झाल्याचा संदेश आला. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केला आहे. ठाण्यात सांगितले की माल मिळाला आहे, तेव्हा ही बाब दिवाणी आहे. खोटे भौगोलिक मानांकन लावून माल विकणे हा 1999 च्या कायद्याने सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे, हे मी त्या साहेबांसमोर कलम 39 उघडून दाखवले, त्यांनी कागद न वाचताच परत केला आणि "ताई, तंबोऱ्यासाठी कोण आत जातंय?" असे विचारले. मिरजेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरीचे नाव चोरून कोणी कचरा विकतो, आणि ज्यांनी ते थांबवायचे त्यांना त्यात गुन्हाच दिसत नाही! ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार विक्रेत्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्यात निवारण करायचे आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मी हेच सांगितले, तर विक्रेता प्रतिसाद देत नसल्याची नोंद करून त्यांनीही प्रकरण मिटवले. प्रतिसाद देत नाही, हीच तर माझी तक्रार होती!

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी नंतर पोर्टलवर तपासला, तर तो कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला. ही तपासणी मिनिटाची आहे आणि ती पैसे देण्याआधी करायची असते. मानांकनाचे नाव घेणाऱ्याकडे अधिकृत वापरकर्ता असल्याचे प्रमाणपत्र मागा. खोके उघडताना व्हिडिओ घ्याच. व्हिडिओ कॉलवर तुमच्याच पट्टीत तानपुरा लावून दाखवायला सांगा. ज्याला लावता येत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला आहे. खरेदीदार राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, हे ठाण्यात किंवा बँकेत कोणीही सांगितले नव्हते. नोटीस "पत्ता अपूर्ण" शेरा मारून परत आली आहे, म्हणून खातेदाराचा पत्ता बँकेकडून मागवावा, असा अर्ज मी दिला आहे. ज्यांच्याकडे असा लाख भरलेला भोपळा आला असेल, त्यांनी तो दुरुस्तीला देऊ नये आणि खोक्यावरची कुरियरची चिठ्ठीही फाडू नये; दाव्यात दाखवायला आपल्याकडे तेवढाच पुरावा आहे.