गोलरक्षकाचे कौतुक कोणी करावे: आकड्यांनी की मतांनी?

कॅनडातल्या ओंटारिओ हॉकी लीग या आइस हॉकीच्या (बर्फावरच्या हॉकीच्या) स्पर्धेत १६ ते २० वर्षांची पोरे खेळतात, आणि गोलरक्षकांसाठी दोन वेगळ्या मोठ्या ट्रॉफ्या आहेत. डेव्ह पिंकनी ट्रॉफीचा हिशोब सरळ आहे. साखळी सामन्यांत ज्या संघाने सर्वांत कमी गोल खाल्ले, त्याच्या गोलरक्षकांना ती मिळते. बऱ्याचदा दोघांत वाटून. वशिला नाही, वाद नाही.

पण गोम इथेच आहे. भक्कम बचावफळीमागे उभा असलेला गोलरक्षक सामन्यात २० फटक्यांना सामोरा जातो आणि त्यांतले २ गोल खातो. दुबळ्या संघातला ४० फटक्यांना सामोरा जातो आणि ३ गोल खातो. पहिल्याने ९० टक्के फटके अडवले, दुसऱ्याने ९२.५. तरी पिंकनीच्या हिशोबात पहिलाच सरस!

जिम रुदरफर्ड ट्रॉफी मतदानाने ठरते, वर्षातल्या सर्वोत्तम गोलरक्षकासाठी. २०१२-१३ मध्ये हा किताब ओवेन साउंड संघाच्या जॉर्डन बिनिंग्टनला मिळाला. २०१९ मध्ये त्यानेच सेंट लुईस संघाला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे विजेतेपद, जिंकून दिले. अर्थात मते म्हटली की नावाचे वलय आणि गाजलेले सामने आलेच.

एनएचएलमध्येही हाच घोळ होता. तिथली गोलरक्षकांची व्हेझिना ट्रॉफी आधी कमी गोल खाण्यावर मिळायची. १९८१-८२ पासून ती संघांच्या महाव्यवस्थापकांच्या मतांवर गेली आणि जुना निकष जेनिंग्ज ट्रॉफीकडे आला.

माझा कौल रुदरफर्डला. पिंकनी खरे तर अख्ख्या बचावफळीचे बक्षीस आहे, फक्त घरी नेतो गोलरक्षक.