टॅपेटचा आवाज गेला आणि व्हॉल्व्ह जळला

इंजिनातून टिकटिक यायची. रेस वाढवली की टिकटिकही तितकीच घाई करायची. गॅरेजवाल्याने नुसता कान देऊन सांगितलं, "टॅपेट सैल झालेत, सेटिंग करावं लागेल." टॅपेट म्हणजे इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. निदान बरोबर होतं, एवढं श्रेय त्याला देतो.

गाडी मी चालवत नेली होती, म्हणजे इंजिन चांगलंच तापलेलं. तरी थोड्याच वेळात गाडी तयार! बिलात टॅपेट सेटिंग आणि टॅपेट कव्हरचं नवीन पॅकिंग. आवाज पार बंद.

पुढे गरम इंजिन स्टार्ट व्हायला कुरकुर करू लागलं, सिग्नलला उभी गाडी थरथरू लागली, पिकअप पडला. तोच माणूस म्हणाला, प्लग बदला. बदलले. मग इंजेक्टर साफ करा. तेही झालं, फरक शून्य.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं, एका सिलिंडरचं बरंच कमी. गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिनावर कव्हर उघडलं. आतलं पॅकिंग जुनंच, कडक झालेलं, कोपऱ्यांवर सीलंट फासलेलं. माझ्या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप ०.३० मिमी हवा. त्याने फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतली, ०.०५ ची पाती रॉकरखाली सरकवून पाहिली. तीसुद्धा आत जाईना. पहिल्या महाशयांनी गेज न लावता स्क्रू आवळत नेले होते, आवाज थांबेपर्यंत.

व्हॉल्व्ह तापला की लांबीला वाढतो, त्यासाठीच हा गॅप असतो. तो नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना टेकायच्या कडेवर, पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, शिवाय व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) उतरते ती वाटही बंद होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते ती अशी. माझं हेड उतरवावं लागलं. सैल टॅपेट निदान बोंब तरी मारतो, आवळलेला गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

तेव्हा गरम गाडी घेऊन लगेच "सेटिंग" करून देणाऱ्याला आधी विचारा, तुमच्या कंपनीच्या पुस्तकात गॅप थंड इंजिनावर मोजायला सांगितलाय का? बहुतेक गाड्यांना तसंच असतं. प्रत्येक व्हॉल्व्हचा आधीचा आणि नंतरचा गॅप कागदावर मागा, जुनं पॅकिंग हातात मागा. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे) असतील तर हे सेटिंग सहसा नसतंच, तरी बिलात येतं. काही इंजिनांत स्क्रूच नसतो, शिम, म्हणजे पातळ चकती, बदलून गॅप जुळवतात. तिथे कोणी "दोन मिनिटांत आवळून देतो" म्हणाला तर गाडी तशीच वळवा.

जळका व्हॉल्व्ह घेऊन मी त्या पहिल्या गॅरेजात गेलो. पॅकिंगचे पैसे कुरकुरत परत मिळाले. बाकीच्यावर उत्तर एकच, "तुम्ही आवाज घालवायला सांगितलात, तो गेला ना?"