राजधेर, कोळधेर, इंद्राई : पैसे वसूल झाले, पण मिळाले कुणाला?

चांदवडजवळच्या या तीन किल्ल्यांची मार्चमधली एका दिवसाची मोहीम, नाशिक ते नाशिक, माणशी 1,450 रुपये. त्यात बस, नाश्ता, दुपारचा डबा, संध्याकाळचं जेवण, हेल्मेट, दोर आणि गावातला वाटाड्या. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी त्यांना थेट कळवल्यात, सुधारायला अवकाश द्यायला हवा. नाशकात अशा बॅचेस काढणारे पुष्कळ आहेत आणि जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी काय विचारायचं एवढं तरी यातून कळेल.

जाहिरातीत राजधेरवरच्या सूर्यास्ताचा फोटो होता. आखणीही त्याच हिशेबाने केलेली: सकाळी इंद्राई, दुपारी कोळधेर, शेवटी राजधेर. चांदवडहून आत वळून राजधेरवाडीत पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. थंडी चांगलीच बोचत होती आणि आभाळात औषधालाही ढग नव्हता. वाटाड्या दादा ओट्यावर वाट बघत बसलेले. पन्नाशीचे असतील, पायात साध्या रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आखणी ऐकून घेतली आणि सरळ नाही म्हणाले. आदल्या दोन्ही दिवशी दुपारी भरून आलं होतं, आजही येणार म्हणे. राजधेरला पायऱ्या तुटल्यात तिथे लोखंडी शिडीने चढावं लागतं.

"इजा चमकायला लागल्या का शिडीला हात लावायचा नाय. आधी राजधेर, मंग कोळधेर, दोन्ही उन्हाच्या आत उरकू. दुपारी इंद्राईला गुहा हायेत, बसता येतं."

लीडर पंचविशीचा मुलगा, चुळबुळायला लागला. त्याला वर विचारावं लागणार होतं. बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होता. आमच्यातल्या दोघांनी "मग सनसेटचं काय?" असंही विचारून घेतलं, जणू सूर्य बुकिंगमध्ये होता. अखेर दादांचं ऐकलं गेलं. माझ्या मते या सगळ्या पॅकेजमध्ये विकत घेण्यासारखं काही असेल तर ते हे ओट्यावरचं बोलणं.

राजधेरची चढण दमवणारी आहे, पण अवघड नाही. मार्चात गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि मुरमाच्या उतारावर ते बुटाखालून सटकतं. ओल्या शेवाळाची भीती सगळ्यांना असते, वाळल्या गवताची कुणी सांगत नाही. पळस फुलला होता. शिडी मजबूत आहे. ती सोडून कातळावर पाय टाकायचा क्षण मात्र बऱ्याच जणांना नको होतो. दादा तिथेच उकिडवे बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाचा बूट हाताने धरून खोबणीत ठेवत गेले. माझाही ठेवला. "ताई, टाच खाली सोडा, चवड्यावर नका उभं ऱ्हाऊ." लहान वाक्य, पण पोटऱ्यांची थरथर तिथल्या तिथे थांबली. हे तंत्र पुढे दिवसभर कामी आलं.

वर कातळात खोदून काढलेल्या पायऱ्या आणि दरवाजा बघताना लीडरने इतिहास सांगितला, आणि चांगला सांगितला. 1818 च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेलची इंग्रज फौज सातमाळा रांगेतले किल्ले घेत इथे आली, तोफांच्या माऱ्यात वर आग लागली आणि शिबंदीने किल्ला सोडला. ऊन तेव्हाही असंच असणार. मुलाचा अभ्यास आहे. त्याला निर्णय घ्यायची मोकळीक दिली तर तो तयारही होईल.

कोळधेर समोरच, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही आणि वाट बघितली की का ते कळतं. घसारा, मधेमधे हात टेकून चढायचे टप्पे, परत घसारा. मला स्वतःला तिन्हींत हाच जास्त आवडला. वर बांधकामाचं फार काही उरलेलं नाही, पण चढताना डोकं पूर्ण जागं ठेवावं लागतं. आता हेल्मेटचं सांगते. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेले दगड खाली येत असताना हेल्मेट नुसतं डोक्यावर असून चालत नाही, ते बसायला हवं. आम्हाला दिलेली सगळी एकाच मापाची होती. माझा पट्टा तुटका निघाला, रुमालाने बांधला. शेजारच्या मुलीचं हेल्मेट तिच्या डोळ्यांवर यायचं. त्यात तीसेक माणसं एका ओळीत अशा वाटेवर सोडणं हे मुळातच जास्त आहे. दादांनी पाच-पाचच्या टोळ्या केल्या आणि एक टोळी वर आडोशाला पोचल्याशिवाय दुसरी सोडली नाही. हेही खरं तर लीडरने करायचं काम.

खाली उतरेपर्यंत ऊन असं तापलं की स्वेटर पिशवीत कोंबताना कुणाचा विश्वास बसेना, सकाळी आपणच तो घातला होता. डबा बरा होता. इंद्राईला निघालो आणि वारा एकदम पडला. एकीकडे ढगांचा डोंगर उभा राहिला, वरून पांढरा, बुडाला जांभळा. इंद्राईची कातळ फोडून काढलेली पायऱ्यांची वाट आणि तिथला फारसी शिलालेख निवांत बघायचा असं मी ठरवून आले होते, पण दादांनी कुणाला थांबू दिलं नाही. वीज चमकली की मी मनात आकडे मोजत होते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. पंधरापर्यंत मोजलं, मग नऊ. गुहेत शिरलो आणि गारांनी झोडपायला सुरुवात केली.

हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. दिवसभर तापलेल्या काळ्या कातळावर त्या पडल्या की टुणकन उडायच्या, विरघळायच्या आणि दगडातून वाफ निघायची. मातीचा वास आणि थंडी एकदम आत आली. मंडळी खूश. हात बाहेर काढून गारा झेलणं, व्हिडिओ, आरडाओरडा. दादा गुहेच्या तोंडाशी, जिथे रेंज येत होती तिथे, एका कानात बोट घालून फोनवर विचारत होते, "कागद टाकला का? वरल्या बाजूचा झाकला का?"

माझं माहेर निफाडकडचं, त्यामुळे मला पुढचं विचारावं लागलं नाही. उन्हाळ कांदा काढून वावरात पडलेला, त्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा; तो एकदा भिजला की साठवणीच्या चाळीत टिकत नाही. द्राक्षाचं तर बोलायलाच नको. 2023 च्या मार्च-एप्रिलात आमच्या जिल्ह्याने हे बघितलंय. फोन ठेवल्यावर ते एवढंच म्हणाले, "अर्धा झाकला." घरी पळायची त्यांना किती घाई असेल! तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास त्यांनी कुणाला बाहेर पडू दिलं नाही. पायऱ्यांवरचं पाणी ओसरल्यावर एकेकाला उतरवलं. शिलालेख तेव्हा बघून घेतला.

उतरताना मी त्यांना सरळ विचारलं, दिवसाचे किती मिळतात. हजार. तेही महिना-पंधरा दिवसांनी. जेवण करणाऱ्या घराला ताटामागे 120. पिठलं, बाजरीच्या भाकरी, ठेचा, भात आणि बुक्कीने फोडलेला कांदा. जेवणाला मी नाव ठेवणार नाही, भाकरी शेवटच्या माणसापर्यंत गरम येत होती. तीस माणसांचे 1,450 प्रमाणे किती होतात ते तुम्हीच मांडा. बसचं भाडं जाऊ दे, डबे जाऊ देत, लीडरचं मानधन जाऊ दे, संस्थेनेही कमवावं, त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या शब्दावर आख्ख्या बॅचचा दिवस फिरला त्याच्या वाट्याला माणशी पस्तीस रुपयेसुद्धा येत नाहीत, हे मला पटलेलं नाही.

पुन्हा जाईन का? तिथे नक्की, याच संस्थेबरोबर अटीवर. बस वेळेवर होती, लीडर नम्र होता, बायकांसाठी गावात एका घरी सोय आधीच सांगून ठेवली होती, आणि ही शेवटची गोष्ट भल्याभल्यांना सुचत नाही. पाचपैकी साडेतीन देते. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या: एका बॅचला किती माणसं घेता, हेल्मेट मापाप्रमाणे आहेत का, हवा बिघडली तर जागेवर निर्णय कोण घेतं आणि वाटाड्याला किती देता. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजून जा. मार्च-एप्रिलात राजधेरची शिडी दुपारच्या आत उतरून झालेली हवी, सूर्यास्ताचा फोटो कितीही गोड असो. साधे सुती हातमोजे न्या, दुपारी लोखंडही भाजतं आणि कातळही.

संस्थेचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. हेल्मेटं बदलतो, बॅच वीसवर आणतो, असं लिहिलंय. मानधनाबद्दल अजून काही नाही, मी परत विचारलंय.