बीडचं आरोग्य फॅक्टशीट (एनएफएचएस-5): फुकटय, कामाचंय, पण… 3.5/5

एनएफएचएस म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, ही त्याची पाचवी फेरी; त्यातलं बीड जिल्ह्याचं आकड्यांचं पत्रक भाचीच्या प्रोजेक्टसाठी डाउनलोड केलं. थोड्याच पानांत 104 गोष्टी, गॅस आहे का, मीठ आयोडीनचं का, रक्त किती जणींना कमी, बीपी, शुगर, अन् शेजारीच मागच्या फेरीचा, 2015-16 चा आकडा त्यामुळं फरक लगेच दिसतो, हे एक नंबर. कंसातला आकडा म्हणजे 25 ते 49 केसवरनं काढलेला, अन् 25 च्या आत असलं की चांदणी टाकून सोडून दिलंय. प्रामाणिकपणा आवडला.

पण विचारायचं काय हे दिल्लीत ठरतं ना! ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या म्हणून बीड देशभर गाजलं, अन् सर्व्हे 1992-93 पासून चालू असून पिशवी काढली का हा प्रश्न यायला 2015-16 उजाडलं. साप चावल्याचं तर विचारतच नाहीत, (सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं केंद्रानं राज्यांना सांगितलं तेच नोव्हेंबर 2024 ला, तोवर शेतात किती गेले कोण मोजतंय). तालुक्याचे आकडे नाहीत, आष्टी काय अन् परळी काय, एकाच टक्क्यात. वर सगळं इंग्रजीत. प्रोजेक्टवाल्यांनी बिनधास्त घ्या, ग्रामपंचायतीत दाखवायला मात्र काही उपयोग नाही.