सिंदखेड राजाजवळचा द्राक्षमळा: लाल वाईन उत्तम, पांढरीला अजून वेळ आहे

आर्वी तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. बोअर आटला आणि दोन उन्हाळ्यांत निम्मी झाडं गेली. माझे साडू देऊळगाव राजाला शेडनेटमध्ये बियाणं करतात. त्यांनी सांगितलं की सिंदखेड राजाजवळ एका घरची माणसं वाईनची द्राक्षं काढतात आणि मळ्यातच वाईनही करतात. माझा पहिला प्रश्न पाण्याचा होता. म्हणून बायकोला घेऊन फेब्रुवारीच्या शेवटी गेलो.

समृद्धीवरून उतरल्यावर शेवटचा पांदण रस्ता वाईट आहे, लहान गाडी खाली घासते. पाटी नाही, आधी फोन करूनच जावं लागतं. माणशी ४०० रुपये, त्यात मळा दाखवणं, दोन वाईनची चव आणि भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. जेवण पोटभर. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह मात्र नाही, पैसे घेता तर ते हवंच.

ओळींमध्ये फिरताना पाय कुटारात बुडत होते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आणि छाटलेल्या काड्यांचा चुरा, चांगला वीतभर थर. मी तो बाजूला करून हात घातला. भर दुपारी माती थंड आणि ओली, गांडुळंही दिसली. ठिबक सकाळीच बंद केलं होतं. घरचे अण्णा म्हणाले, "भाऊ, एप्रिलात वेल उघडी पडते, तवा जमिनीले झाकून ठेवा लागते."

हे नीट समजून घेतलं. आपल्याकडे द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. पीक एकच, गोडी छाटणीनंतरचं. पण त्या पिकाचे घड काडीवरच्या ज्या डोळ्यांतून (कोंबांतून) निघतात, ते डोळे एप्रिलनंतरच्या काडीवर धरतात, म्हणजे नेमके आपल्या ४२ ते ४५ अंशांच्या दिवसांत. त्या वेळी मुळं तापली आणि काडी खुंटली की पुढचा हंगाम हातचा जातो. इथे वेली डॉगरिज या पाण्याचा ताण सोसणाऱ्या जातीच्या खुंटावर कलम केलेल्या आहेत, पाणी एका शेततळ्याचं, आणि बाकी सगळी भिस्त या कुटारावर.

फवारणी करतात, ते लपवत नाहीत. परतीचा पाऊस लांबला की केवडा हा बुरशीचा रोग येतोच. मला फवारणीची वही दाखवली, त्यात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधक जास्त. खायच्या द्राक्षाचे मणी फुगवायला घड जीए या वाढीच्या संजीवकात बुडवतात, ते इथे करावं लागत नाही. वाईनला मणी लहान आणि साल जाड हवी, कारण लाल रंग सालीत असतो.

टाक्या सूनबाई सांभाळतात. तोडणी पहाटे ४ वाजता डोक्याला बॅटरी बांधून करतात, म्हणजे माल थंड असतानाच आत येतो. शिराझ हे लाल वाईनचं द्राक्ष सालीसकट आंबवतात. शेनिन ब्लाँ हे पांढऱ्या वाईनचं, ते आधी पिळून नुसता रस आंबवतात. साखर २३ ब्रिक्सच्या (रसातली गोडी मोजायचं माप) आसपास आली की तोडतात, त्यातून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल येतं. पिळून उरलेला चोथा शेणात कुजवून परत त्याच ओळींत जातो.

शिराझ मला फार आवडली. जांभळासारखी तुरट, मागून मिरीचा तिखटपणा, आणि ठेच्यासमोरही दबली नाही. शेनिन ब्लाँ सपाट लागली, जिभेवर आंबटपणाच राहिला नाही. मी तसं सांगितलं. सूनबाईंनी लगेच मान्य केलं: "काका, ऊन वाढलं की आंबट झपाट्यानं उतरते. साखरेची वाट पाहत बसलो, तेच चुकलं." यंदा ते द्राक्ष आठ दिवस आधी तोडलंय. ती वाईन चाखायला मी पुन्हा जाणार.

बाटली आणता आली नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि ती मी पाळतो. दोन किलो बेदाणे मात्र घेतले, सावलीत वाळवलेले, हिरवट आणि चवीला छान.

निघताना अण्णांना माझ्या बागेचं सांगितलं. घरी आल्यावर उरलेल्या संत्र्यांच्या आळ्यांत कुटार पसरलं, त्यांनी बजावलं होतं तसं बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, लागतो.